वॉलेटमधलं तिकीट ऐन गेटवर दगा देतं तेव्हा

शनिवार-रविवार मी तिकिटं स्कॅन करायला उभा असतो. कधी नाट्यगृहाच्या दारात, कधी मैदानावरच्या गाण्याच्या कार्यक्रमाला. हातात स्कॅनर, समोर रांग, आणि थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी फोनवर बोट आपटत तेच वाक्य म्हणतं, "अहो, आत्ता तर होतं इथे!" मागची रांग चुळबुळायला लागते, बायको नवऱ्याकडे बघते, नवरा फोनकडे बघतो, आणि मी म्हणतो, "जरा बाजूला या, बघू काय झालंय ते."

बाजूला घेऊन घेऊन एवढं कळलं की तिकीट सहसा गायब झालेलं नसतं. कारणं ठरलेली आहेत, आणि त्यातली बहुतेक आदल्या रात्री घरी सोफ्यावर बसून पाच मिनिटांत सुटली असती.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. वॉलेटमध्ये, म्हणजे फोनमधल्या तिकिटं-पास ठेवायच्या अ‍ॅपमध्ये, जे रंगीत कार्ड दिसतं ते तिकीट नव्हे. देवळाबाहेर चप्पल ठेवली की पत्र्याचा बिल्ला देतात ना, तसा तो बिल्ला आहे. चप्पल, म्हणजे खरं तिकीट, विकणाऱ्याच्या सर्व्हरवर एक नोंद म्हणून असतं: हा क्रमांक, ही खुर्ची, माणूस आत गेला की नाही. बिल्ला हरवला म्हणून चप्पल जात नाही, दुसरा मिळतो. आणि एका बिल्ल्याच्या चार नकला काढल्या म्हणून चपलांचे चार जोड होत नाहीत.

म्हणून अडचण आली की पहिलं काम: जिथून तिकीट घेतलं त्या अ‍ॅपमध्ये किंवा साइटवर लॉगिन करून बुकिंग दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर बिल्ल्याचा घोळ आहे, पुढे वाचा. दिसत नसेल, किंवा ‘कॅन्सल्ड’ अथवा ‘ट्रान्सफर्ड’ दिसत असेल, तर वॉलेटशी झटापट करून उपयोग नाही. विकणाऱ्याच्या कस्टमर केअरला गाठा.

कार्ड दिसतच नाही

अँड्रॉइडवाल्यांचा पहिला घोटाळा नावाचा आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं गूगल पे म्हणजेच ‘गूगलचं पैशाचं अ‍ॅप’ होतं. गूगल वॉलेट भारतात ८ मे २०२४ ला आलं, आणि ते वेगळं अ‍ॅप आहे. पैसे गूगल पेमधून, तिकिटं, बोर्डिंग पास आणि दुकानांची पॉइंट-कार्डं वॉलेटमध्ये. गेटवर गूगल पे उघडून तिकीट शोधणारे लोक मला अजूनही दर कार्यक्रमाला भेटतात. वॉलेटला अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचं लागतं, त्यामुळे आजोबांना दिलेल्या जुन्या फोनवर ते नसेल तर तो दोष आजोबांचा नाही.

दुसरा घोटाळा खात्यांचा, आणि हा सगळ्यात जास्त आढळतो. फोनमध्ये दोन-तीन जीमेल असतात: एक स्वतःचं, एक ऑफिसचं, एक कधीतरी मुलाच्या शाळेच्या फॉर्मसाठी काढलेलं. ‘अ‍ॅड टू गूगल वॉलेट’ दाबताना ब्राउझरमध्ये जे खातं चालू होतं त्यात कार्ड जातं, आणि वॉलेट मात्र दुसऱ्याच खात्याने उघडतं. मग पडदा रिकामा. वॉलेटमध्ये वर उजवीकडे गोल फोटो असतो, त्यावर टॅप करून खातं बदला. माझ्या समोर आलेल्या निम्म्या केसेस इथेच मिटतात. ऑफिसच्या खात्याला तिकीट जोडूच नका. कंपनीचा अ‍ॅडमिन वॉलेट बंद ठेवू शकतो, आणि नोकरी बदलली की खातंही जातं.

तिसरं, कार्ड ‘जुनं’ समजून आत ढकललं गेलेलं असतं. तारीख उलटली की गूगल वॉलेट कार्ड आर्काइव्हमध्ये टाकतं. आयफोनही मुदत संपलेले पास नजरेआड करतो. ते वॉलेटमध्ये अगदी खाली किंवा तीन टिंबांच्या मेनूत सापडतात, आणि सेटिंग्जमधल्या वॉलेटच्या पानावर ‘हाइड एक्स्पायर्ड पासेस’ बंद केलं की पुन्हा वर येतात. कार्यक्रम पुढे ढकलला गेला असेल तर हे हमखास होतं: नवी तारीख ईमेलवर आलेली असते, पण कार्डाला ती कळलेली नसते. तिथे जुनं कार्ड काढून टाका आणि विकणाऱ्याच्या अ‍ॅपमधून नव्याने जोडा. कार्ड काढल्याने तिकीट रद्द होत नाही. चप्पल आतच आहे.

साडेबाराचं भूत

वेळेचा घोळ जरा सविस्तर सांगतो, कारण यात माणूस पूर्ण निर्धास्त असतो आणि तरीही कार्यक्रमाला मुकतो.

एका रविवारी दुपारी एक जोडपं नाट्यगृहाच्या दारात आलं. दोघंही छान तयार होऊन, काकूंच्या केसात गजरा. फोन पुढे केला, स्कॅनर लाल झाला. कार्डावर लिहिलं होतं रविवार, १२:३०. आत खरंच साडेबाराचा प्रयोग लागलेला होता, पण दुसऱ्याच नाटकाचा. त्यांचा कार्यक्रम आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सातला होऊन गेला होता. काका म्हणाले, "अहो, पण तिकिटावरच लिहिलंय की!" आणि ते खरंच लिहिलेलं होतं.

झालं असं की तिकीट तयार करणाऱ्या सिस्टीममध्ये वेळ भरताना ‘संध्याकाळी ७’ असं टाकलं, पण ती भारतीय वेळ आहे हे सांगायचं राहिलं. सिस्टीमने ती जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी, धरली. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. फोनने इमानदारीत साडेपाच तास मिळवले: सात अधिक साडेपाच म्हणजे मध्यरात्रीचे साडेबारा, अर्थात दुसरा दिवस. शेजारी बारीक अक्षरात ‘एएम’ होतं. पण पुण्या-मुंबईत दुपारी साडेबाराचा प्रयोग ही इतकी नेहमीची गोष्ट की त्या दोन अक्षरांकडे बघणार कोण? दुसऱ्या शहरात कदाचित शंका आली असती.

याचंच दुसरं रूप: मुदतीच्या जागी फक्त तारीख भरलेली असते, वेळ नाही. मग काही सिस्टीम त्या दिवशीचे यूटीसीचे शून्य वाजले धरतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. कार्यक्रम रात्री नऊचा, आणि कार्ड सकाळी चहाच्या आधीच ‘एक्स्पायर्ड’. अशा वेळी घाबरू नका, आर्काइव्हमधून कार्ड बाहेर काढा. गेटवरचा स्कॅनर कोड वाचतो आणि सर्व्हरला विचारतो. तुमच्या फोनला ते कार्ड जुनं वाटतं की नवं, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

आणि तिसरं रूप म्हणजे परदेशातली मुलं. मुलाने न्यू जर्सीत बसून आईवडिलांची तिकिटं काढली. हिवाळ्यात तिथली घड्याळं आपल्या साडेदहा तास मागे, त्यामुळे त्याच्या फोनवर तोच संध्याकाळी सातचा प्रयोग सकाळी साडेआठचा दिसतो, आणि तो काळजीने फोन करतो, "आई, एवढ्या सकाळी नाटक कसं काय?" इथे काहीच बिघडलेलं नाही, फोन फक्त तिथली वेळ दाखवतोय. पण कार्डावरची वेळ ईमेलमधल्या वेळेशी एकदा ताडून बघायची सवय लावा. दोन्ही जुळल्या नाहीत तर ईमेलच्या बाजूने राहा, आणि जमलं तर नाट्यगृहाला फोन करून विचारा.

‘हे तिकीट आधीच वापरलंय’

गेटवर सगळ्यात जास्त आवाज या वाक्यावर चढतो. "म्हणजे काय, आम्ही चोर आहोत का?" नाही हो.

एकदा काकू, त्यांच्या दोन बहिणी आणि एक भाची, अशा चौघी आल्या. काकूंनी फोन पुढे केला, हिरवा. पहिली बहीण पुढे आली, काकूंनी तोच फोन तसाच धरला, लाल. पुन्हा धरला, पुन्हा लाल. तोवर काकूंचा चेहराही लाल. मी म्हटलं, "काकू, बोटाने जरा डावीकडे सरकवा." सरकवलं, तर मागे दुसरं कार्ड, त्यामागे तिसरं, चौथं. चार तिकिटं एका गठ्ठ्यात होती आणि वरचंच पुन्हा पुन्हा दाखवलं जात होतं. एका कार्यक्रमाची तिकिटं वॉलेट अशी एकत्र ठेवतं, आणि गठ्ठा आहे हे सांगणारी खूण म्हणजे खाली दोन-चार बारीक टिंबं. चष्मा पर्समध्ये असेल तर ती दिसणं अशक्य.

कधी गठ्ठाही नसतो, कारण चारपैकी एकच कार्ड जोडलेलं असतं. ईमेलमध्ये प्रत्येक तिकिटाखाली वेगळं बटण असतं आणि माणूस पहिलंच दाबून मोकळा होतो. म्हणून घरी मोजा. चार माणसं, चार कार्डं, चारही कोड वेगवेगळे, खुर्च्यांचे नंबर वेगवेगळे. सोबतची मंडळी वेगवेगळ्या वेळी येणार असतील तर प्रत्येकाला त्याचं तिकीट आधीच पाठवा. मी बाहेर थांबतो आणि एकेकाला आत सोडतो, हा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात पार्किंगमध्ये अडकलेला माणूस तोच असतो ज्याच्या फोनमध्ये चारही तिकिटं आहेत.

‘आधीच वापरलंय’चं खरोखर गंभीर कारण म्हणजे कोड दुसऱ्याकडे गेलेला असणं. विकणाऱ्याच्या अ‍ॅपमधून रीतसर ट्रान्सफर केलं तर तुमचा जुना कोड मरतो आणि मित्राला नवा मिळतो. मात्र तुमच्या वॉलेटमधलं कार्ड काही काळ जिवंत असल्यासारखं दिसू शकतं, त्याला फसू नका. याउलट नुसता कोडचा फोटो पाठवला तर एकच कोड दोघांकडे, आणि जो आधी पोहोचला तो आत. स्टेटसला ‘फायनली’ लिहून तिकिटाचा फोटो टाकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: कोडावर अंगठा ठेवून फोटो काढा. तीनशे जणांना घराची किल्ली दाखवल्यासारखं आहे ते, आणि त्यातल्या एखाद्याला तिकीट मिळालेलं नसतं.

पीकेपास नावाची न उघडणारी फाइल

मुलगा आयफोनवाला, वडील अँड्रॉइडवाले. मुलगा वॉलेटमधून तिकीट शेअर करतो, वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते, नावाच्या शेवटी ‘डॉट पीकेपास’. वडील टॅप करतात, काहीच होत नाही, किंवा फोन विचारतो कशाने उघडू.

हा अ‍ॅपलचा साचा आहे. २०१२ मध्ये आयफोनवर पासबुक नावाने हे अ‍ॅप आलं, २०१५ मध्ये त्याचं वॉलेट झालं, फाइलचा साचा तोच राहिला. आतून ती साधी झिप फाइल असते: तिकिटाचा तपशील, थोडी चित्रं, आणि एक डिजिटल सही. त्या सहीमुळे आतलं एक अक्षर जरी बदललं तरी आयफोन ती घेत नाही. म्हणून कोणी ‘तिकिटावरचं नाव बदलून देतो’ म्हणालं तर सोडून द्या. तुम्ही काहीही न बदलता आयफोनच नकार देत असेल, तर बहुधा सही किंवा प्रमाणपत्र पाठवणाऱ्याच्या बाजूनेच बिघडलंय. फोन रीस्टार्ट करून ते सुधारत नाही, तिकीट पुन्हा पाठवायला सांगा.

अँड्रॉइडवर वॉलेट अपडेट करून फाइल त्यातून उघडून बघा, नव्या आवृत्त्यांत बहुतेकदा उघडते. नाहीच उघडली तर पीकेपास वाचणारी वेगळी अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहेत. पण माझं मत विचाराल तर त्या भानगडीत पडू नका. मुलाला म्हणावं, मूळ ईमेल फॉरवर्ड कर. त्यातली अँड्रॉइडची लिंक वडिलांच्या फोनवर, वडिलांच्या खात्याने उघडली की काम झालं.

उलट बाजूने, आयफोनवर ‘अ‍ॅड टू अ‍ॅपल वॉलेट’ दाबून काहीच होत नसेल तर लिंक कुठे उघडली आहे ते बघा. इन्स्टाग्राम किंवा तत्सम अ‍ॅपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये हे बटण अनेकदा मुकं असतं. लिंक कॉपी करून सफारीत उघडा.

कार्ड आहे, पण स्कॅनर वाचत नाही

क्यूआर कोड थोडा खराब झाला तरी वाचता येतो, तशीच त्याची रचना आहे. कोड कसा बनवलाय त्यावर ७ ते ३० टक्के भाग बिघडला तरी चालतो. पण तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन आणि भोवतीची पांढरी मोकळी पट्टी शाबूत हवी. काचेला तडा नेमका कोपऱ्यातल्या चौकोनावरून जात असेल तर कोड वर-खाली सरकवून बघा. स्क्रीनशॉट अगदी काठापर्यंत कापला असेल तर पांढरी पट्टीच गेली, मूळ कार्ड दाखवा.

आता वॉलेट कार्ड उघडताना उजेड आपोआप वाढवतं. स्क्रीनशॉटला ती सोय नाही, तिथे ब्राइटनेस हाताने पूर्ण करा. डोळ्यांना आराम म्हणून ‘रंग उलटे’ करणारी सेटिंग असते, त्यात काळ्याचं पांढरं होतं आणि काही स्कॅनर गोंधळतात. शेजारच्याने बघू नये म्हणून लावलेली प्रायव्हसी काच असेल तर फोन तिरका धरू नका, स्कॅनरच्या अगदी समोर सरळ धरा. आणि आमच्याही बाजूने एक कबुली: लाल रेघ मारणारे जुने लेझर स्कॅनर फोनच्या पडद्यावरून वाचूच शकत नाहीत, त्यांना कागदावरचा उभ्या रेघांचा बारकोड लागतो. कॅमेऱ्यासारखे फोटो घेणारेच चालतात. ती चूक तुमची नाही. कोडाखालचा नंबर आम्हाला हाताने टाकायला सांगा.

परदेशात कार्यक्रमाला जाणार असाल तर हलणारा कोड भेटेल. अमेरिकेत टिकेटमास्टर या तिकिटं विकणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये सेफटिक्स नावाचं तिकीट आणलं, त्यात कोड दर १५ सेकंदांनी बदलतो. तिथे स्क्रीनशॉट म्हणजे शिळा कोड. असे कोड वेळेवरून बनत असल्याने फोनचं घड्याळ अचूक लागतं. काही मंडळी घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवतात, त्यांनी आधी ‘ऑटोमॅटिक’ करावं.

मैदानावर नेटवर्क मेलेलं असतं

हजारो फोन एकाच टॉवरला लटकले की गेटजवळ इंटरनेट नावालाच उरतं. विकणाऱ्याचं अ‍ॅप तिथे गोल गोल फिरत बसतं. वॉलेटचा खरा उपयोग इथे आहे, कारण कार्ड फोनमध्येच असतं. पण ते खरंच उतरलंय का हे घरी तपासा: कार्ड एकदा उघडा, मग विमान मोड लावा, वॉलेट बंद करून पुन्हा उघडा. कोड दिसला तर निश्चिंत. दिसला नाही तर अजून रात्र हातात आहे.

तिकिटावरच्या सूचना त्याच वेळी वाचून घ्या. काही ठिकाणी, विशेषतः क्रिकेटच्या सामन्यांना, फोनवरचं काहीच चालत नाही. काउंटरवर जाऊन कागदी तिकीट घ्यावं लागतं, आणि तो काउंटर गेटपासून लांब असू शकतो.

फोनच बंद पडला तर

क्यूआर कोडला उजळलेला पडदा लागतो, बॅटरी संपली की वॉलेट संपलं. मग रांगेत उभं राहून आमच्याशी हुज्जत घालू नका, आमच्या हातात फक्त स्कॅनर असतो. सरळ बॉक्स ऑफिस किंवा मदत-टेबल गाठा. त्यांच्याकडे यादी असते आणि ते तीन गोष्टी विचारतात: बुकिंग आयडी, ज्या मोबाइल नंबरवरून बुकिंग केलं तो नंबर, आणि ओळखपत्र. यातला बुकिंग आयडी बंद फोनमध्ये अडकलेला असतो, आणि बुकिंग जावयाने केलेलं असेल तर नंबरही पाठ नसतो. दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. बसच्या तिकिटामागे लिहिलेलं चालतं.